पातेलं पालथं पडतंय का ते बघ

तुझा परवा रात्री पावणेदोनला आलेला मेसेज मी सकाळी कणिक मळून झाल्यावर वाचला. थोडक्यात तुझं असं आहे की वय २९, पुण्यात येऊन सहावं वर्ष, एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेचा अभ्यास चालू आहे, आयोगाच्याच कम्बाईनचा, म्हणजे पीएसआय वगैरे पदांच्या एकत्र परीक्षेचा, फॉर्म भरलाय, तलाठीची जाहिरात आली की तीही देणार, बँकेचंही एक पुस्तक आणून ठेवलंय, संध्याकाळी चार तास पार्सल पोचवायचं काम, सकाळी ट्रेडिंग, मित्राबरोबर यूट्यूब चॅनल, टेलिग्रामचे पस्तीस ग्रुप, आणि गावाकडची शेती फोनवरून. आणि विचारलंयस की काकू, दिवसभर काही ना काही करतच असतो तरी रात्री काहीच केलं नाही असं वाटतं, तुम्ही वर्षानुवर्षं तेच ते करता तरी समाधानी कशा दिसता, मलाही आयुष्य जरा सोपं करायचंय, सुरुवात कुठून करू?

तुझ्यासारखे अजून चार-पाच जण हेच विचारून गेलेत म्हणून सगळ्यांसाठी एकदाच लिहिते, तुझं नाव घेत नाही.

आधी एक सांगते, मी व्याख्यान देणारी बाई नाही. मला बावीस वर्षं झाली नारायण पेठेत मेस चालवून, आधी जावेबरोबर आणि मग एकटीनं, त्यामुळे मला जे काही कळतं ते पातेल्यातूनच कळतं. आणि समाधानी दिसते ती आत्ता दिसते हं. २०१८ साली तू मला बघितलं असतंस तर महिना भरलेला सोडून दुसऱ्या मेसला गेला असतास.

तेव्हा माझं काय काय चालू होतं ते ऐक. मेसचे एकशे दहा मेंबर. शिवाय सकाळी पोहे-उपमा, ऑफिसचे चाळीस डबे, एका ॲपवर थाळी टाकलेली, त्या थाळीसाठी पनीरची ग्रेव्ही वेगळी, मुलं मागतात म्हणून बुधवारी चायनीज, उन्हाळ्यात मसाले, पापड, कुरडया, गणपतीत उकडीचे मोदक, दिवाळीत फराळ, आणि वर केक. केकचा क्लास केला होता मी, ओव्हन हप्त्यावर घेतला होता. येणारा-जाणारा म्हणायचा, काकू तुम्ही किती करता हो! आणि मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू, त्या एका वाक्यावर मी दिवसातले अठरा तास काढायचे. सासूबाई मात्र खाटेवरून म्हणायच्या, एक ना धड भाराभर चिंध्या. मला राग यायचा.

त्या दिवाळीच्या आधीचा शुक्रवार मला अजून आठवतो. एका शेगडीवर चकलीची कढई, दुसरीवर मेसचं वरण, ओव्हनमध्ये कुणाच्या तरी नातवाचा केक, ॲपचा फोन टिंगटिंग करतोय आणि दारात एक बाई चिवड्यात शेंगदाणे कमी आहेत म्हणून हिशोब करायला उभी. चकलीत मोहन जास्त झालं होतं, ती तेलात विरघळायला लागली, मी तिच्याकडे धावले आणि इकडे वरण खाली लागलं. साठ माणसांचं वरण. परत डाळ शिजवायला वेळ नव्हता, मग वरचंवरचं दुसऱ्या पातेल्यात काढलं, चिंच-गूळ वाढवला, लसणाची चरचरीत फोडणी दिली आणि वाढलं. करपल्याचा वास असा कशानं जात नसतो. पण पोरं मुकाट जेवली. एक लातूरकडचा मुलगा ताट ठेवताना म्हणाला, काकू, तुम्ही जेवलात का आज? त्यानं वरणाला नावं ठेवली असती तर मी भांडले असते, ते बरं पडलं असतं. त्या रात्री मी किती वाजता झोपले आठवत नाही पण झोपतानाही डोक्यात शेंगदाणेच होते.

आता तुला वाटेल मग काकूंनी दुसऱ्या दिवशी सगळं बंद केलं. छे. तसंच दीड वर्ष ओढलं. मी शहाणपणानं काही कमी केलेलं नाही, मार्च २०२० च्या लॉकडाऊननं केलं. आठवड्याभरात पेठा रिकाम्या झाल्या, मुलं गादी-पुस्तकं अभ्यासिकेत तशीच टाकून गावी गेली, एकशे दहाचे शून्य मेंबर. ओव्हनवर धूळ बसली. घरात आम्ही तिघं, स्वयंपाक तीन माणसांचा. पैशाची काळजी होती, नाही असं नाही, दागिना मोडावा लागला. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. रात्री पातेलं घासून, धुऊन ओट्यावर पालथं घातलं की माझं डोकं गप्प व्हायचं. एकदम गप्प. झालं, आजचं संपलं. आणि मला आठवेना की याआधी असं कधी झालं होतं. म्हणजे पातेली मी तेव्हाही पालथीच घालत होते की, रोज पंचवीस-तीस, पण डोक्यातलं एकही पालथं पडत नव्हतं.

जानेवारी २०२१ मध्ये चौदा मेंबरवर मेस परत सुरू केली तेव्हा मी यादी घेऊन बसले, जुनं काय काय परत सुरू करायचं. आणि प्रत्येकासमोर एवढंच विचारलं की हे पातेलं रात्री पालथं पडतं का.

फराळाची ऑर्डर? महिनाभर आधी घेतलेली असते, दिवाळी झाली तरी डबे परत आलेले नसतात, पैसे भाऊबीजेनंतर, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत चिवड्याची आठवण काढणारी बाई असतेच. नाही पडत. मसाले? पाकिटात घालून विकायचा तर अन्नसुरक्षावाल्यांचा, म्हणजे एफएसएसएआयचा, नंबर, पॅकिंगची तारीख, वजन हे सगळं लेबलवर आलं, शिवाय मिरची कधी स्वस्त होते यावर लक्ष, उरलेल्या मालाला वास तर लागत नाही ना ही धास्ती. नाही पडत. ॲप? सगळ्यात वाईट तेच. ओटा पुसून झाल्यावर रात्री साडेअकराला कुणीतरी दोन स्टार देतो, कारण काय तर पार्सल गार आलं, आता गार माझ्यामुळे झालं का? पण ते वाचून मी तासभर जागी. नाश्ता? हा खरंतर पालथा पडतो, दहाला कढई रिकामी, पण त्यासाठी चारला उठायचं आणि मग दुपारचं जेवण झोपेत करायचं, म्हणून तो सोडला. केक, मोदक, चायनीज यांचा विचारसुद्धा केला नाही. ऑफिसचे डबे ठेवावेसे वाटत होते, चांगले पैसे होते, पण डबा घरातून गेला की तो परत येईपर्यंत माझा जीव त्या डब्यात. झाकण हरवलं, चमचा आला नाही, सुट्टी होती तर सांगितलं का नाही.

राहिलं काय, तर दोन वेळचं जेवण, इथे बसून. एक रस्सा, एक सुकी भाजी, पोळी किंवा भाकरी, वरण-भात, काहीतरी तोंडी लावायला. रविवारी दुपारी गोड, रविवारी संध्याकाळी बंद. सत्तर मेंबर, त्यावर एक नाही.

आणि उधारी बंद. हे मी जरा जास्त सांगते कारण लोकांना वाटतं कमी करायचं म्हणजे पदार्थ कमी करायचे, सामान कमी करायचं. माझ्या मेसमधलं सगळ्यात जड काही असेल तर ती उधारीची वही होती. वजन पाव किलो नसेल पण रात्रीची झोप तीच खायची. कुणाचे अठराशे, कुणाचे नऊशे, कुणी परीक्षेत पास होऊन गेला आणि पोस्टिंग मिळाल्यावर देतो म्हणाला, कुणी नापास होऊन गेला त्याला मागायचे कसे. ती वही मी एका दुपारी उघडली, जे खरंच देऊ शकत नाहीत त्यांच्या नावावर रेघ मारली, बाकीच्यांना एकेक फोन केला, आले तेवढे आले, आणि वही रद्दीत घातली. त्यानंतर महिना आधी भरायचा आणि खाडे सांगून करायचे, सलग चार दिवस असतील तर पैसे पुढच्या महिन्यात वळते. अडलेल्या पोराला मी आजही जेवायला घालते, पण ते तेव्हाच दिलेलं असतं, ते वहीत चढत नाही. देणं वेगळं आणि उधारी वेगळी.

पैशाचंही सांगते कारण यावर कुणी खरं बोलत नाही. आधी सगळा खटाटोप करून महिन्याला हातात चाळीस हजार राहायचे, आता गॅस, किराणा, मदतीला दोन बायका आहेत त्यांचा पगार जाऊन चौतीस-पस्तीस राहतात. म्हणजे कमी झालेच. जे लोक म्हणतात की कमी करा मग जास्त मिळेल, ते मला पटत नाही. कमी केलं की काही महिने तरी कमीच मिळतं. मला ते परवडलं कारण हे घर सासऱ्यांच्या वेळचं, पागडीचं, भाडं नावापुरतं. ज्याला भाडं भरायचंय त्यानं माझं ऐकून एकदम सगळं सोडू नये. तुझ्या बाबतीत हे पुढे येतंच.

आता त्या वाचलेल्या वेळात मी काय केलं तर पोळी सुधारली. हसू नकोस. बावीस वर्षं पोळ्या लाटणारी बाई पोळी काय सुधारणार? पण आधी मी पोळी करत नव्हते, पोळ्या उरकत होते. एक किलो लोकवन गव्हाच्या पिठात मेसच्या मापाच्या तीस-बत्तीस पोळ्या होतात, दोन वेळचा हिशोब धरला तर रोज दहा-अकरा किलो पीठ. आधी कणिक मळली की लगेच उंडे, कारण पुढचं काम उभं. आता कणिक मळून ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवते, मग परत तेलाचा हात लावून तिंबते. एवढ्यानं फरक पडतो हे मला काय माहीत नव्हतं का, आईनं दहाव्या वर्षी शिकवलं होतं, पण तो अर्धा तास माझ्याकडे नव्हता. मग लक्षात यायला लागलं की पावसाळ्यात पीठ पाणी कमी पितं, गिरणीवाल्यानं जाड दळलं तर घडीचे पदर सुटत नाहीत, आणि तवा जरा जास्त तापला की पोळीवर डाग पडतात पण आतला पदर कच्चा राहतो, मग पोळी दुपारी मऊ आणि संध्याकाळी चामडं. तवा किती तापला हे मी पाण्याचा शिंतोडा मारून बघायचे, आता तव्यावर हात धरला की कळतं. लाटणं मधे दाबायचं नाही, कडेला फिरवायचं, पोळी आपली आपण गोल फिरते पोळपाटावर. दुपारी बारा-सव्वाबाराला शंभर-सव्वाशे पोळ्या झालेल्या असतात, हात आपोआप चालतात, आणि एखादी अशी टम्म फुगते की तिला तव्यावरून काढावंसं वाटत नाही. तू विचारलंस ना समाधान कशात आहे, तर ते तिथे आहे बाबा, शेगडीसमोर, घामात. यापेक्षा भारी उत्तर माझ्याकडे नाही.

पण पहिले तीन-चार महिने मला याच पोळ्यांचा इतका कंटाळा आला होता की सांगता सोय नाही. हे कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. हात मोकळे झाले की माणूस बावचळतो. दुपारी तीन वाजता करायला काही नाही असं मला लग्नानंतर पहिल्यांदा झालं, आणि मला विश्रांती वगैरे काही वाटली नाही, भीती वाटली. आपली किंमत कमी झाली असं वाटलं. ओव्हन विकायला काढला आणि गिऱ्हाईक बघायला आलं तेव्हा मी त्याला नाही विकायचा म्हणून परत पाठवलं, दोन महिन्यांनी दुसऱ्याला विकला. फराळ बंद केला म्हणून नणंद दोन दिवाळ्या बोलत नव्हती. चायनीज नाही म्हणून वीसेक मुलं समोरच्या गल्लीत गेली, त्यातली काही परत आली, काही नाही. जे सोडलं त्याची चुटपुट लागतेच, ती लागली म्हणून निर्णय चुकला असं समजायचं नसतं.

माझ्याकडे एक सायकॉलॉजीत एमए करणारी मुलगी जेवायची. हे पातेल्याचं मी तिला सांगितलं तर ती उडालीच, म्हणाली काकू हे तर झायगार्निक. कोण तर ब्लूमा झायगार्निक नावाच्या बाई, १९२७ साली बर्लिनमध्ये त्यांनी प्रयोग करून मांडलं की अर्धवट राहिलेलं काम माणसाला जास्त आठवत राहतं आणि पूर्ण झालेलं विसरायला होतं. आणि सुरुवात म्हणे वेटरपासून झाली होती, बिल दिलेलं नसतं तोवर ऑर्डर वेटरच्या डोक्यात पक्की, बिल चुकतं झालं की साफ. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत तसंच दिसलं असं नाही, हेही तीच म्हणाली. मला प्रयोगाची गरज नव्हती, माझ्या डोक्यात ते शेंगदाणे होते.

लिज्जत पापडाचंही मला म्हणूनच कौतुक वाटतं. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले हे सगळे सांगतात. मला त्यातली आवडते ती पद्धत: मळलेलं पीठ केंद्रातून घ्यायचं, घरी पापड लाटायचे, वाळवून परत द्यायचे आणि लाटणावळ हातात घ्यायची. दिवसाचा हिशोब दिवसात. पुढे त्यांनी मसाले केले, कपड्यांची पावडरपण काढली, पण बाईच्या घरात ते ओझं नाही गेलं, तिच्याकडे फक्त लाट्या.

बरं, आता तुझी यादी.

तुला वाटत असेल मी म्हणेन ते पार्सलचं काम सोड आणि अभ्यास कर. नाही. ते ठेव. तुझ्या सगळ्या यादीत ते एकच काम असं आहे जे रोज संपतं. पार्सल दिलं, सही घेतली, गाडी लावली, आठवड्याला पैसे आले. खोलीचं भाडं त्यातून निघतं, बापाकडे हात पसरावा लागत नाही. तू मला सांगितलंयस की त्या कामाची तुला लाज वाटते, आणि ट्रेडिंगचं मात्र मित्रांना अभिमानानं सांगतोस. माझ्या मते उलटं पाहिजे. ट्रेडिंगचं पातेलं कधी पालथं पडतं सांग बरं? बाजार साडेतीनला बंद होतो पण तू रात्री अमेरिकेचा बाजार बघत बसतोस. माझ्या मेसमध्ये पेपर वाचणारी पोरं जेवतात, त्यातल्या एकानं २०२४ साली शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीचा आकडा वाचून दाखवला होता, फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या साध्या माणसांपैकी ९३ टक्के लोक तीन वर्षांत तोट्यात. त्यात तुला वाटतं तू उरलेल्या सातात आहेस. असशीलही. पण तू माझ्याकडे भेंडीची भाजी खाताना मोबाईल बघून घास तसाच हातात धरून बसलेला मी तीनदा पाहिलाय.

यूट्यूबचं तुझं तूच ठरव, मला त्यातलं कळत नाही, पण अकरा महिन्यांत सहा व्हिडिओ केलेत आणि सातवा कधी करायचा यावर दोघं रोज बोलता, हे काम नाही, हे उधारीचं खातं आहे. मित्राला सांग बंद. आता जमत नाही असं नको सांगू, बंद असंच सांग. आता जमत नाही म्हटलं की पातेलं ओट्याखाली सरकवलं, वास येतच राहतो.

टेलिग्रामचे ग्रुप: एकदम पस्तीस सोड म्हटलं तर तू सोडणार नाहीस, भीती वाटते की त्यातच एखादी नोट्स येईल जी परीक्षेला पडेल. एक काम कर. गेल्या महिन्याभरात ज्या ग्रुपवरची पीडीएफ तू उघडून शेवटपर्यंत वाचलीस तेवढे ठेव. माझ्या अंदाजानं दोन राहतील. अप्पा बळवंत चौकातून आणलेलं बँकेचं पुस्तक ज्याला उपयोग आहे त्याला अर्ध्या किमतीत दे, खालच्या अभ्यासिकेच्या बोर्डावर चिठ्ठी लाव, दोन दिवसांत जाईल.

परीक्षांचं मात्र जरा अवघड आहे. चार परीक्षा एका वेळी म्हणजे माझं चायनीज, पनीर, केक, मोदक. आणि आता राज्यसेवेची मुख्य परीक्षा लिहायची झाली आहे, नऊ पेपर, तिथे टिकमार्क करून भागत नाही, हाताला लिहायची सवय पाहिजे, हे मला तुम्हीच लोक जेवताना सांगता. कम्बाईनचा आणि तिचा अभ्यास थोडा एकमेकांत बसतो हे खरं असेल, ते तुझं तू बघ, पण तलाठी आणि बँक यांना हो म्हणण्याआधी एवढं विचार की ती नोकरी खरंच लागली तर तू जाशील का. तू मागे मला म्हणाला होतास की बँकेत मला घुसमटायला होईल. मग फॉर्म कुणासाठी भरतोयस? घरी सांगायला काहीतरी चालू आहे म्हणून. माझा केकही तसाच होता.

आणि परीक्षेचं पातेलं तुझ्या हातात नाही हे आधी डोक्यात घे. ते आयोगाच्या ओट्यावर आहे. मार्च २०२१ मध्ये १४ तारखेची पूर्व परीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली तेव्हा शास्त्री रोडवर मुलं उतरली होती, मग २१ ला झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये २५ तारखेची परीक्षा आयबीपीएसच्या बँक परीक्षेशी एकाच दिवशी आली म्हणून परत आंदोलन, परत तारीख पुढे. दोन्ही वेळा त्या रात्री मुलं माझ्याकडे जेवायला आली होती आणि मी बघत होते. काहींच्या घशाखाली घास उतरत नव्हता. काही मात्र चिडली, ओरडली, पण जेवली आणि नऊला परत अभ्यासिकेत गेली. ही दुसरी मुलं काही जास्त हुशार नव्हती. त्यांचं रोजचं रोज ठरलेलं होतं, आज एवढे प्रश्न, एवढी पानं, झालं की वही बंद. परीक्षा पुढे गेली तरी त्यांचा त्या दिवसाचा दिवस झालेला होता. तुझ्याकडे आज पॉलिटी, म्हणजे ते राज्यघटनेचं सगळं, करायचीय एवढंच असतं. पॉलिटी कधी संपते का? पंचायत राजवरचे वीस प्रश्न सोडवले आणि चुकलेले परत लिहून काढले, हे संपतं. मग दिवा बंद कर आणि झोप. अजून तासभर जागता येईल म्हणून जागू नकोस, त्या तासात तू रील बघतोस, पावणेदोनला मेसेज कुणी पाठवला होता?

गावाकडच्या शेतीबद्दल आणि वडिलांच्या गुडघ्याबद्दल तू लिहिलंयस आणि तेही कमी करू का असं अर्धवट विचारलंयस. इथे माझं पातेल्याचं माप लावायचं नाही. सासूबाईंना अर्धांगवायू झाला होता, सहा वर्षं मी त्यांचं सगळं केलं, अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं. ते रोज पहाटे नव्यानं सुरू व्हायचं, कधीच पालथं पडायचं नाही, आणि एक दिवस पडलं तेव्हा मला नको होतं. काही पातेली चुलीवरच राहतात. आपली म्हणून राहतात. त्यांना जागा मिळावी म्हणून तर बाकीची खाली उतरवायची. २०१८ च्या दिवाळीत मी त्यांना दोन दिवस वेळेवर औषध दिलं नव्हतं, चकलीच्या नादात, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तू वडिलांना रोज फोन करतोस ते चांगलंच आहे, फक्त फोनवरून पाण्याच्या पाळ्या आणि खताच्या गोणी ठरवणं थांबव, तुझा चुलतभाऊ तिथे आहे ना, त्याला वाटा दे आणि निर्णय त्याचा त्याला घेऊ दे. तू गुडघ्याचं विचार.

हे सगळं एकदम करू नकोस. माझं तर जगच बंद पडलं होतं म्हणून एकदम झालं. तू आधी ट्रेडिंगचं खातं रिकामं कर, उरलेत तेवढे पैसे बँकेत घे, तोटा झालाय तो झालाय, रेघ मार. मग पंधरा दिवस दुसऱ्या कशाला हात लावू नकोस. सकाळचे ते दोन तास रिकामे वाटतील, अंगावर येतील, येऊ देत. तेव्हा नवीन काही सुरू करायची हुक्की येईल, कुणीतरी जर्मन शिक म्हणेल, कुणी जिम लाव म्हणेल. पंधरा दिवस नाही म्हण.

चार वाजत आले, मला मटकी उपसून मोड आणायला बांधून ठेवायचीय, उद्या उसळ आहे. आणि हो, गेल्या महिन्यात तुझे अकरा खाडे झालेत, त्यातले सात न सांगता. त्या सातांचे पैसे वळते होणार नाहीत. चाराचे झालेत, खाड्यांच्या वहीत बघून जा.